पिशवी अंगावेगळी करू नका

"तिकीट इथेच मिळतं ना?"

मी लशींच्या फ्रिजचं दार पुसत होते. वळून पाहिलं तर उंबऱ्यात एक उंच माणूस उभा. बाहेरच्या भुरभुर पावसाने केस चपटे झालेले, हातात अवजारांची पेटी, आणि आपल्या बुटांनी फरशीवर काढलेल्या चिखलाच्या ठशांकडे तो अपराध्यासारखा बघत होता.

"तिकीट शेजारच्या दारात," मी म्हटलं. "इथे सुया मिळतात."

"म्हणजे दार चुकलं माझं."

"जायचंय कुठं?"

त्याने त्या बेटांच्या देशाचं नाव घेतलं. नकाशावर पेनाचं टोक टेकवलं तरी झाकला जाईल एवढा देश. महिन्याला एक बोट, तीही समुद्राची मर्जी असली तर. डॉक्टर नाही, औषधांचं दुकान नाही.

"मग दार चुकलं नाही. तिकडं जाणाऱ्याला आधी हेच दार लागतं. बसा. बाही वर करा."

"इतक्यात? ओळख ना पाळख…"

"ओळख सुईनंतर होते. आधी झाली तर माणसं घाबरतात."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटायचा. देवा, मी तेव्हाच मान दुसरीकडे वळवायला हवी होती.

आमचा दवाखाना बंदरासमोर. दोन खोल्या, आतल्या खोलीत म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, बाहेर मी. लांब जाणाऱ्यांना आम्ही तयार करतो. लशी देतो, दात तपासायला पाठवतो, औषधांची पिशवी बांधून देतो. आणि बाईंची एक पद्धत आहे, तिला आम्ही अंधाराची परीक्षा म्हणतो. तिकडे दिवे जातात, वादळं येतात. म्हणून प्रवाशाने डोळे मिटायचे आणि मी मागेन ती वस्तू नुसत्या हाताने पिशवीतून काढून द्यायची. जमेपर्यंत तिकिटासाठी लागणारा कागद बाई सोडत नाहीत.

हा पाणीवाला होता. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारी यंत्रं दुरुस्त करायचा. त्या बेटावरचं यंत्र सांभाळणारे त्याचे काका तिथेच वारले होते, म्हणून याला बोलावणं आलं होतं.

"पाना धरायला त्यांनीच शिकवलं मला," लस टोचताना तो म्हणाला. "पाय प्रवाळावर कापला. एवढीशी जखम. चिघळली, ताप चढला. औषध होतं हो त्यांच्याजवळ… पण पिशवी मोठ्या पेटीत, पेटी बोटीच्या तळात, आणि ती उतरली दुसऱ्याच बेटावर."

मी कापूस दाबून धरला, थोडा जास्तच वेळ.

"म्हणून सांगते," मी म्हटलं. "पिशवी अंगावेगळी करायची नाही. झोपताना उशाशी, चालताना खांद्याला. पाण्यात बूट घालूनच उतरायचं. खरचटलं तरी गोड्या पाण्याने धुवायचं, मग औषध. आणि ही शिट्टी गळ्यात. लागोपाठ तीन वाजवल्या म्हणजे मदतीला या. एक वाजवली म्हणजे मी इथे आहे, बरा आहे."

"आणि कुणाची आठवण आली तर किती?"

"तेवढं फुंकायला फुप्फुस पुरत नाही. हात सोडा माझा."

"मी कुठं धरलाय? तुम्हीच धरलाय."

खरंच, मीच धरला होता.

परीक्षेत तो नापास झाला. भाजल्याचं मलम मागितलं तर डासांचं दिलं. पुढच्या लशीला आला, पुन्हा नापास. मीठ-साखरेच्या पुडीऐवजी त्याने मोठ्या ऐटीत मला कात्री दिली. जाताना दारात थबकला, "पुन्हा यावं लागणार तर," म्हणाला, आणि तोंड पाडण्याचा असा प्रयत्न केला की आतून डॉक्टरीणबाई खोकल्या.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "काळोख्या टाकीत हात घालून नटबोल्ट ओळखणारा माणूस. त्याला मलम ओळखता येत नाही? तुला तरी डोळे आहेत ना?"

माझे कान तापले. त्या दिवशी भांडी घासताना मी गुणगुणत होते, तर आईने ताट हातातून काढून घेतलं. "दोनदा घासलंस हे. कोण आहे तो?"

आईपासून काय लपतं? पण आमच्या घरात समुद्राचं नाव जपून घेतात. बाबा जहाजावर होते. किनारा दूर असताना पोटात कळ आली, आणि किनारा यायच्या आत सगळं संपलं. मला आठवतात ते जहाजाच्या शिडीवर. एक हात आम्हाला हलवत होते, दुसरा पोटावर होता. आईने खालून विचारलं, काय होतंय? ते म्हणाले, काही नाही.

शेवटच्या लशीच्या दिवशी पाणीवाल्याच्या हातून शिट्टी खाली पडली. उचलायला वाकला आणि तसाच अर्धा थांबला. चेहरा पांढरा. एक हात उजव्या कुशीत, खाली.

"काय होतंय?"

"काही नाही."

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"केव्हापासून?"

"अधूनमधून… येतं, जातं." त्याने आतल्या दाराकडे बघत आवाज उतरवला. "बाईंना सांगू नका. बोट परवा सुटते. तिथलं यंत्र बंद आहे, लोक जुन्या विहिरीचं पाणी पितात. गेलंच पाहिजे मला. हे मी नर्सला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं."

किती दिवस मी असं काही ऐकायला आसुसले होते. आणि ते आलं ते असं.

मी त्याला उद्या या म्हटलं आणि घरी गेले. माणसाचं मन किती लबाड असतं सांगू? एक मन म्हणत होतं, सांग, त्याचा जीव वाचेल. दुसरं हळूच म्हणत होतं, सांग, तो इथेच राहील. मी देवापुढे बसले. हात जोडले, पण कुठल्या मनाने मागते आहे हेच मला कळत नव्हतं, मग देवाला तरी कसं कळावं?

आई शेजारी येऊन बसली. सगळं ऐकून घेतलं.

"दुखणं म्हणजे निरोप असतो गं," ती म्हणाली. "पाठवणारा वरचा. निरोप्याला दारातच गप्प करू नये."

"आणि तो माझं तोंडही बघणार नाही, मग?"

"तोंड बघायला तो असला म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी तो आला. आधी मी त्यालाच सांगितलं. "मी आत जाऊन बाईंना सांगणार आहे."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "तुम्हाला मला थांबवायचंच होतं."

"होय," मी म्हटलं. "होतं. आणि तसं नसतं तरी सांगितलं असतं."

बाईंनी पोट तपासलं आणि त्याला थेट मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. आतड्याला चिकटलेलं अपेंडिक्सचं ते एवढंसं शेपूट सुजून फुटायला आलं होतं. भर समुद्रात फुटलं असतं तर… सर्जनने वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती.

मी डबा घेऊन गेले, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आईने दिलाय," म्हटलं, डबा ठेवला आणि परत आले.

बोट त्याच्याविना सुटली. तिच्यावर मी पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची खोकी चढवली, कप्तानाला पुन्हा पुन्हा बजावलं, उकळून प्या म्हणावं. पुढे निरोप आला. विहिरीच्या पाण्याने बेटावर साथ पसरली होती. काही माणसं गेली, त्यात एक लहान मूल. ती बोट पोचायच्या आधी गेली की नंतर, ते निरोपात नव्हतं. आम्ही दोघांनीही ते कधी कुणाला विचारलं नाही.

हा निरोप घेऊन तोच दवाखान्यात आला होता. टाके सुकलेले, गाल बसलेले. बाकावर बसला. मी समोर बसले. पावसाळी वाऱ्याने दार उघडझाप करत होतं, आणि ते लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"मी गेलो असतो तर मेलो असतो," शेवटी तो म्हणाला. "नाही गेलो, तर ते मेले. कुणाला दोष देऊ? तुम्हाला दिला. देऊन पाहिला. टिकला नाही."

"मलाही देवाला देऊन पाहायचा होता," मी म्हटलं. "पण त्याच्यापुढे बसले की त्या मुलासाठीच हात जोडले जातात."

त्याने डोळ्यांवर मनगट दाबलं. मग म्हणाला, "पुढच्या बोटीने जातोय. परीक्षा राहिलीय माझी."

बोट सुटायच्या दिवशी धक्क्यावर वारा फार होता. एका उलट्या टाकलेल्या होडीवर तो पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि डोळे मिटले. खरेच मिटले, यावेळी हसू नव्हतं, एक डोळा जास्त मिटलेला नव्हता.

"जखम धुवायचं औषध," मी म्हटलं. दिलं.

"मीठ-साखर." दिली.

"तापाची गोळी. भाजल्याचं मलम. पट्टी." बोटं जराही अडखळली नाहीत. एकेक वस्तू माझ्या तळव्यावर येत गेली, जणू ती कायम तिथेच असायची.

"आता?" त्याने विचारलं.

माझ्याकडे मागायला काही उरलं नव्हतं. मी माझा हात पिशवीत घातला.

त्याची बोटं आली, थांबली. नखांवरून, पेरांवरून, सुयांच्या खोक्यांनी कडक झालेल्या अंगठ्यावरून हळूहळू फिरली. डोळे त्याने उघडले नाहीत.

"हे पिशवीत नव्हतं," तो म्हणाला.

"न्यायचंही नाही."

"मग?"

"परत आलास की मिळेल."

भोंगा झाला. त्याने हात सोडला नाही, मग सोडला. "तुझ्या आईला सांग," तो म्हणाला, "डबा खाल्ला होता मी. भिंतीकडे तोंड करूनच, पण सगळा खाल्ला."

मोठी पेटी हमालाने बोटीच्या तळात नेली. शिडीच्या वरच्या पायरीवर तो वळला. एक हात हलवत होता. मी त्याचा दुसरा हात शोधला. तो पोटावर नव्हता. पिशवीच्या पट्ट्यावर होता.

बोट लहान होत गेली. माणसं पांगली. वाऱ्यातून एक शिट्टी आली, बारीक, लांबलेली.

मी श्वास धरून उभी राहिले. दुसरी आली नाही. मग मी हात जोडले, आणि दवाखान्याचं दार उघडायला गेले.