किल्ली कोणी दिली

दत्तजयंतीला दोन दिवस होते. रात्रीचे दहा वाजून गेले होते. चुनीलाल आबांच्या अंगणात शेकोटी पेटली होती आणि भोवती गावातली चार-पाच पोरं बसली होती. आबांचं उभं आयुष्य सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे घेण्या-विकण्यात गेलेलं. पोरांमधला अमृत घरोघरी फरशी बसवायची कामं करायचा. कटर आणि सिमेंटच्या गोण्या मोटरसायकलवर बांधून तो कंटाळला होता. त्या दिवशी तो एक जुनी व्हॅन बघून आला होता.

"आबा, गाडी झकास शे. एकच सेल मा चालू व्हस. सकाळनी थंडी मा बी."

"टायर? कागद?"

"सर्व देखं."

आबांनी एक काटकी निखाऱ्यात सारली. "आनि किल्ली कोण देनार शे?"

पोरं हसली. "आबा, गाडी शे ती. घोडी नही."

"नवनीतबी हाईच बोलना व्हता," आबा म्हणाले, आणि मग त्यांनी सांगितलं ते असं.

नवनीत म्हणजे माझ्या चुलतभावाचा जावई. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटरी काढतो, दुरुस्त करतो. आपल्याकडे शेतीला वीज रात्रीची, म्हणून मोटर जळते तीही रात्रीच. साखळी, पुली, दोर, सगळं मोटरसायकलवर लादून तो हिंडायचा. पण त्याला गाडी हवी होती ती नुसती कामासाठी नाही. आदल्या साली त्याची बायको ममता बाळंतपणाला अडली, तेव्हा रात्री गावात एक वाहन मिळालं नाही. उजाडल्यावर ट्रॅक्टरवरून नेलं. बाळ वाचलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. नवनीत मला म्हणाला, "आबा, जी गाडी मध्यरात्री हाक मारताच उठेल, तीच मी घेणार."

त्याने घाई केली नाही. एक गाडी बघितली, तिचा रंग नवा होता, पण चटई उचलली तर खाली पत्रा गंजलेला. दुसरी चढावर काळा धूर सोडायची. तिसरी सारंगखेड्याच्या गिरधर नालबंदाची. गिरधर त्या गाडीत ऐरण, भाता, नाला भरून गावोगाव घोड्यांना नाल मारत फिरायचा. त्याआधीच्या यात्रेत एका घोड्याची लाथ त्याच्या छातीवर बसली आणि तो गेला. गाडी त्याच्या बायकोच्या, धनुबाईच्या नावावर झाली. नवनीतने इंजिन गार असताना पहाटे जाऊन ती चालू केली. ऑइल बघितलं. वजन घालून पळवली. कुठे खोट नव्हती. फक्त आत जळक्या खुराचा वास होता. तापलेली नाल खुरावर टेकवली की येतो तो. नालबंदाची गाडी, वास असणारच.

सौदा झाला. गाडी घेऊन तो आधी माझ्याकडे आला. मी विचारलं, "किल्ली कोणी दिधी?"

"धनुबाईनी. म्हणजे... तिनी ओटावर ठेवी. मी उचली."

"हात मा का नही दिधी?"

"ती बोलनी, मी कोण देनारी?"

मला ते आवडलं नाही. गिरधर गेला तेव्हा किल्ली त्याच्या मुठीत होती. मूठ उघडायला दोन माणसं लागली, हे सगळ्या यात्रेला माहीत होतं. आणि आमच्या धंद्यात धन्याने आपल्या हाताने लगाम दिला नाही, तर घोडा विकला गेला असं आम्ही मानत नाही. मी नवनीतला म्हणालो, निदान पहिल्या रात्री तोंड घराकडे करून उभी कर. नवा घोडा आम्ही तसाच मोकळा ठेवतो. सकाळी तोंड घराकडे असलं तर तो आपला. आल्या वाटेकडे असलं तर परत.

माझं मन राखायला त्याने केलं तसं. हँडब्रेक ओढला, किल्ली उशाखाली घेऊन झोपला.

सकाळी गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं.

"पोरेसनी ढकली व्हई," तो म्हणाला. मी म्हटलं, परत कर. तो म्हणाला, "आबा, ममताले आठवा महिना शे. आते कोठून आनू दुसरी?"

गाडीने त्याला कधी दगा दिला नाही, हेही खरं. हाक मारली की उठायची.

मग दत्तजयंतीची रात्र आली. चांदणं इतकं की सुई पडली तरी दिसावी. दोनच्या सुमाराला ममताच्या पोटात कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या बाईला घेऊन गेलेली. नवनीतने ममताला मागे गादीवर निजवलं. किल्ली फिरवली. पहिल्याच सेलला गाडी चालू.

फाट्यावर शहाद्याला उजवीकडे वळायचं. स्टिअरिंग उजवीकडे फिरेना. गाडी डावीकडे वळली. सारंगखेड्याकडे.

"आवो, हाऊ रस्ता नही शे!" ममता मागून ओरडली.

"मी काहीच नही करी ऱ्हायनू..."

त्याने ब्रेक दाबला. पाय खाली गेला. गाडी थांबली नाही. वेग वाढला नाही, कमीही झाला नाही. घरी निघालेला घोडा चालतो, तशी चालली होती. आणि तो वास... जळक्या खुराचा. आता ताजा.

गिरधरच्या अंगणात गाडी थांबली. इंजिन आपोआप बंद झालं. यात्रा निजली होती. लांब कुठेतरी एक घोडं फुरफुरलं. मग तेही गप्प.

दार वाजवायच्या आधीच उघडलं. धनुबाई हातात पांढरा रुमाल घेऊन उभी होती. गिरधरचा रुमाल.

"उनात का?" ती म्हणाली. जणू रोज वाट बघत होती.

नवनीत पाया पडायला लागला. "काकू, मन्ही बायको..."

ती गाडीकडे बघत नव्हती. अंगणातल्या घोड्याच्या खुंट्याकडे बघत होती. तिथे कुणी नव्हतं. तिने रुमाल खुंट्यावर पसरला.

"त्यानी किल्ली त्येले परत दे. मंग माग."

आता तुम्ही पोरं फोनवर भाव करता. यात्रेत आम्ही रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव करतो, म्हणजे तिसऱ्याला कळू नये. एक बोट म्हणजे शंभर, की हजार, की लाख, ते आधी तोंडाने बोलून घ्यायचं. ते बोलल्याशिवाय समोरच्याचं बोट धरायचं नाही. कधीच नाही. नवनीत मोटरवाला. त्याला हे कुठून माहीत?

त्याने रुमालाखाली किल्ली ठेवली.

हात तिथेच राहू दिला.

काही नाही.

मग... रुमाल थोडा वर उचलला गेला.

कुणीतरी त्याचा हात धरला. खरखरीत हात. आधी पूर्ण मूठ. मग सोडली. मग तळहातावर बोटं दाबली. एक. दोन. तीन.

आणि थांबली. उत्तराची वाट बघत.

गाडीतून ममताची किंकाळी आली.

"दिधं!" नवनीत ओरडला. "दिधं, दिधं!"

तळहातावर किल्ली आली. भट्टीतल्या नालेसारखी तापलेली.

ममताला मुलगी झाली. शहाद्याच्या दवाखान्यात, उजाडता उजाडता. दोघी सुखरूप. वाटेत गाडी एकदाही अडली नाही. सकाळी नवनीतने मला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून गाडीचं तोंड घराकडेच असतं. एवढी भरवशाची गाडी तालुक्यात नसेल.

आबा थांबले. शेकोटीत एक लाकूड फुटलं.

अमृतने हळूच विचारलं, "आबा... तीन काय?"

"तेच तर त्यानी इचारं नही."

"आनि हातले काय झालं?"

आबांनी काटकीने निखारे उकरले.

"तळहातावर तीन डाग उठले होते. बोटांच्या टोकाएवढे. काळे. औषध केलं, साय लावली, गेले नाहीत. मुलगी एक वर्षाची झाली त्या दत्तजयंतीला सकाळी तो हात धुवायला गेला, तर दोनच होते. मी डोळ्यांनी बघितलं. जुन्या जखमेची खूण राहते ना, तीसुद्धा नाही. कोरा तळहात. पुढच्या दत्तजयंतीला आणखी एक गेला."

एका पोराने मागे वळून अंधारात बघितलं.

"आज दुपारी नवनीत मला बाजारात भेटला. मुलगी कडेवर. मी म्हटलं, हात दाखव. तो दाखवेना. मीच त्याचं मनगट धरून हात उलटा केला."

आबांनी आपला तळहात निखाऱ्यांसमोर धरला आणि मधोमध, अगदी हलकं, एक बोट टेकवलं.