मेलेल्या बाईचे संवाद

दीपिका परब देवबागला गेली ती साध्याच कामासाठी. एका जुन्या सिनेमातली माणसं काय बोलतात ते वहीत उतरवून द्यायचं. दोन दुपारींचं काम.

नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले ते गेलेच. पण तोवर बोलणं पक्कं झालं होतं, आणि पुढे ओठ वाचायची अशी सवय लागली, की रस्त्यापलीकडच्या बायका काय कुजबुजतात ते तिला बसल्या जागी कळे. आता ती कुडाळात ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायची.

सिनेमाचं नाव ‘विंगेत कोण?’ साठ वर्षांपूर्वी देवबागच्या बाबलीशेटनी हौसेनं काढलेला. एका नाटक कंपनीतल्या खुनाची गोष्ट. भर प्रयोगात नायिका सरबताचा पेला तोंडाला लावते आणि रंगमंचावरच कोसळते. मग विष कुणी घातलं याचा शोध. त्या काळी लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. जाणते अजून त्याचं नाव काढायचे. त्याची एकमेव प्रिंट माळ्यावर सापडली, पण खाऱ्या हवेनं आवाजाची पट्टी पार खाल्लेली. बाबलीशेटचा पणतू सिद्धेश घरातच पर्यटकांसाठी खोल्या चालवायचा. त्यानं पुण्याला पाठवून चित्रं तेवढी कॉम्प्युटरवर उतरवून आणली. आवाज नव्यानं भरायचा, तर संवाद हवेत.

“कागदपत्रं काही उरली नाहीत, मॅडम,” तो तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला. “आणि नायिका, यशोदाबाई, ती तर शूटिंगच्या शेवटच्या दिवशीच गेली. हार्ट बंद पडलं म्हणे.”

खोलीच्या खिडक्यांना त्यानं चादरी लावल्या होत्या. बाहेर रणरणतं ऊन, आत गुडूप काळोख. फिल्मच्या गंजक्या डब्यांतून आंबूस वास येत होता. भिंतीवर चित्र उमटलं. कोपऱ्यात आरामखुर्चीत सिद्धेशची आजी सावित्री बसली होती. बाबलीशेटची मुलगी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीवरचं तिला नुसतं हलणारं धुकं दिसायचं. तरी ती उठायला तयार नव्हती.

पहिला तासभर मजेत गेला. नाटकाचे प्रेक्षक म्हणून सगळं गावच मांडवात आणून बसवलं होतं. कॅमेरा बघून ती माणसं गंभीर चेहरे करायची आणि मालवणीत भलतंच बोलायची. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, “बांगडे घावले काय गो तुमका?” दीपिकाला हसू आवरेना. सिद्धेशही हसला. आजी मात्र हसली नाही. तिचं तोंड सारखं भिंतीकडे.

मग बाहेर पाहुणे आले म्हणून सिद्धेश उठून गेला. “तुम्ही बघत रहा. मागे-पुढे करायचं ते हे बटण.”

तो गेला आणि खुनाचा प्रवेश आला. बारा-तेरा वर्षांची परकर नेसलेली मुलगी पेला घेऊन आली. यशोदानं तो घेतला, हसली, प्यायली. पडली. लोक धावले. आणि मग कॅमेरा खाली आला, तिच्या चेहऱ्याजवळ. वर माणसांचे पाय फिरत होते. इन्स्पेक्टर हात नाचवत काहीतरी सांगत होता.

मेलेल्या बाईचे ओठ हलत होते.

फार थोडे. दुसरा कुणी हात नाचवणाऱ्या इन्स्पेक्टरकडेच बघत बसला असता. पण दीपिकाची नजर ओठांवरच जायची. ‘पाणी,’ ती बाई म्हणत होती. ‘जळता गो... पाणी...’

दृश्य संपलं. हा काही अभिनय नव्हता. तिनं पुन्हा खात्री करायला बटण दाबलं. तेच पाय, तोच इन्स्पेक्टर. ओठ हलले.

‘तो पेलो उचला...’

मघाशी हे नव्हतं. मघाशी पाणी होतं. दीपिकानं पुन्हा मागे नेलं. खोलीत कुठून तरी वाळ्याच्या सरबताचा गोड, गार वास यायला लागला होता. चित्र तेच. शब्द पुढचे.

‘चेडवाक पिवंक दिव नकात... चेडवाक...’

सवयीनं तिचा हात वहीत लिहीत होता, बाजूला अर्थही: पोरीला पिऊ देऊ नका. तेवढ्यात खांद्यावर बोटं पडली. ती दचकली. आजी कधी उठून जवळ आली ते तिला कळलंच नव्हतं. भिंतीवरच्या उजेडात आजीनं स्वतःचं तोंड आणलं, ओठ दिसावेत म्हणून.

“बोलता मां ती?”

दीपिकानं मान डोलावली.

“माझा नाव घेता? पेलो मीच नेऊन दिलेलंय गो. विंगेत काळोख होतो. कोणीतरी माझ्या हातात दिल्यान. हात तेवढो दिसलो...”

“चेडवाक पिवंक दिव नकात, असा म्हणता ती,” दीपिका म्हणाली. आपला आवाज किती मोठा झाला ते तिला कळेना.

आजी खालीच बसली. मग शब्द आले, तुटक तुटक.

“शेवटचो दिस तो. कट म्हटल्यानी. मी पेलो उचललंय. खाली सरबत उरलेला, म्हटलंय पिया... तोंडाक लावतंय, तवसर तिना माझ्या हातार मारल्यान. पेलो खंयच्या खंय. सगळे हसाक लागले, मडा उठला म्हणान. माका वाटला, रागान मारल्यान. साठ वर्सां माका वाटता, तिका कळला, मीच घातलंय...”

दीपिकानं तिचा हात धरला. हातात काही जीव नव्हता, सुकल्या करवंटीसारखा हलका.

“इचार तिका,” आजी म्हणाली. “कोणाचो हात तो?”

दीपिकाला नको होतं. ती तसं म्हणालीही. पण आजीनं चाचपडत बटण शोधलं आणि दाबलं.

पाय. इन्स्पेक्टर. चेहरा. या वेळी यशोदाचे डोळे उघडे होते. ती दीपिकाकडे बघत नव्हती, तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीकडे बघत होती. ओठ उघडले.

‘तुझो...’

पुढच्या शब्दासाठी ओठ मिटले, तेवढ्यात दार उघडलं. उन्हाचा पट्टा भिंतीवर पडला आणि चित्र पुसलं गेलं. दारात सिद्धेश उभा होता. त्याच्यामागे पडवीच्या भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत, बाबलीशेट.

“काय म्हणाली?” आजीचे ओठ विचारत होते. “शेवटाक काय म्हणाली?”

“काय नाय, आजी,” दीपिका म्हणाली. “संपला.”

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. वही सिद्धेशकडेच राहिली होती. बरं नाही असं कळवून तिनं उरलेलं काम घरी मागवलं. आठवडा गेला. आजीला म्हणे आताशा शांत झोप लागत होती. मग एका सकाळी, शाळेत निघायच्या वेळी, सिद्धेशचा मेसेज आला. सोबत त्याच दृश्याचा तुकडा होता.

‘मॅडम, एक शंका. वहीत या ठिकाणी तुम्ही यशोदाबाईंची तीन वाक्यं लिहिली आहेत. पण या शॉटमध्ये त्यांचं तोंड दिसतच नाही. पुण्यालाही विचारलं, दुसरा शॉट नाही म्हणतात.’

दीपिकानं लॅपटॉप उघडला. पाय होते, इन्स्पेक्टर होता. यशोदा पालथी पडली होती, अंबाड्यातला गजरा कॅमेऱ्याकडे, चेहरा पलीकडे. तिनं तीनदा पाहिलं. तीनदा तेच. एका परीनं तिला हायसं वाटलं. काळोख, उकाडा, ती म्हातारी... भास झाला असेल. तिनं लॅपटॉप बंद केला आणि उठताना आधाराला त्यावर पंजा टेकला.

झाकण थरथरत होतं.

मशीन थरथरतं तसं नव्हे. शाळेत पहिल्या दिवशी ती मुलांचे तळवे स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, आवाज म्हणजे काय ते कळावं म्हणून. तसं. आधी एक बारीक थरथर, मग लगेच दुसरी, लांबट. दोन अक्षरं. तु-झो. मग क्षणभर काही नाही. आणि पुन्हा तेच, जरा सावकाश, समोरच्याला ऐकू गेलं नाही म्हणून कुणीतरी समजावून सांगावं तसं.