ला सोर्दाच्या घळीतल्या म्हाताऱ्या

डॉक्टर मिरेया लेमुस यांना ला सोर्दाच्या घळीतून एकाच निवडुंगाचं बी आणायचं होतं. लिंबाएवढा गोल निवडुंग, माथ्यावर पांढऱ्या लोकरीचा बुचका. शेळ्या राखणारे त्याला म्हातारी म्हणत. हा निवडुंग त्या एका घळीखेरीज कुठेही उगवत नाही, असं मिरेयाच्या गुरूंनी तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्यानंतर तो कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. राजधानीतल्या बीजसंग्रहात या किनाऱ्यावरच्या झाडून साऱ्या निवडुंगांच्या बिया थंड खोलीत जपून ठेवल्या होत्या. म्हातारीची डबी तेवढी रिकामी होती.

घळीची वाट ठाऊक असलेला एकच माणूस बेर्मेहाच्या कोळीवस्तीत उरला होता, ओसिएल आल्मेंदारेस. एकसष्टीचा, हाडकुळा, तरुणपणी शेळ्यांमागे फिरलेला आणि आता किनाऱ्यावर समुद्री शेवाळ वाळवणारा. त्याने दोनदा नकार दिला. आधी म्हणाला, गुडघे धरतात. मग म्हणाला, जुनी वाट दरडीखाली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खरं कारण मात्र तिसरंच होतं, आणि ते त्याने अकरा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

शेवटी त्याची भावजय एर्मिंदा त्याच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा गेल्यापासून त्याची होडी तीच चालवत होती, आणि वस्तीत तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

"भावजी, ती बाई तीन दिवस माझ्या चुलीपाशी बसून चहा ढोसतेय. तुम्ही नेत नसाल तर मी नेते. वाट मला माहीत नाही. दोघी मिळून कड्यावरून पडू, मग या तुम्ही शोधायला."

ओसिएलने डोक्यावर टोपी चढवली आणि दोराचं वेटोळं खांद्याला लावलं.

जमिनीवरची वाट बंद होती, म्हणून ती तिघं उजाडताच होडीने निघाली. घळीच्या तोंडाशी धक्का नाही, वाळू नाही; नुसता काळा खडक आणि त्यावर फुटणारा समुद्र. एर्मिंदाने इंजीन मंद केलं. ती लाटा मोजत राहिली. सहावी गेली. सातवी गेली.

"आता!"

ओसिएलने उडी मारली. मिरेयाने मारली. पाठीवरच्या पिशव्या हातोहात वर आल्या, पण पाण्याचा मोठा कॅन अर्ध्यावर असताना एक चुकार लाट आडवी आली आणि त्याला घेऊन गेली. एर्मिंदाने खडकाआडच्या शांत पाण्यात होडी नांगरली आणि कमरेएवढ्या पाण्यातून शिव्या देत किनारा गाठला. आता तिघांत मिळून दोन बाटल्या पाणी होतं.

"संध्याकाळच्या आत परत," ओसिएल म्हणाला. "नाहीतर जीभ टाळूला चिकटेल."

घळीचा पहिला टप्पा नागडा होता. मीठ, पक्ष्यांची विष्ठा आणि उन्हाने तडकलेले दगड. पण दोनशे-अडीचशे पुरुष उंची चढून गेल्यावर, जिथे समुद्रावरचं धुकं रोज येऊन कड्याला टेकतं, तिथे डोंगराचं रूपच पालटलं. तिथून पुढे सगळं राज्य निवडुंगांचं. माणसाच्या दुप्पट उंचीचे कोपाओ निवडुंग हात फैलावून उभे होते आणि त्यांच्या काट्यांवरून दगडफुलाच्या करड्या दाढ्या लोंबत होत्या. त्यांच्या पायथ्याशी खडूसारखे पांढरे निवडुंग, सगळेच्या सगळे उत्तरेकडे कललेले, जणू कुणी हाक मारली आणि सगळ्यांनी एकदम मान वळवली. काळ्या काट्यांचे शेकडो डोक्यांचे ढीग होते. एकाखालून कोल्हा बाहेर आला, त्याने तिघांकडे पाहून घेतलं आणि तो पुन्हा आत गेला. एक निवडुंग तर वाळूतच राहत होता. नुसता अंगठ्याएवढा माथा वर, तोही पायाखाली येईपर्यंत दिसायचा नाही.

मिरेया गुडघ्यांवर रांगत होती आणि वहीत लिहीत होती. "सात जाती झाल्या काका. एका सकाळीत सात! पाऊस नाही, ओढा नाही, नुसत्या धुक्यावर."

ओसिएलने कोपाओचं एक फळ काढून, काटे दगडावर घासून तिच्या हातात ठेवलं. आंबट फळाने तिचं तोंड वाकडं झालं आणि ती हसली. "तुम्ही किती जपून पाय टाकता. झोपलेल्या लेकराजवळून जावं तसे."

ओसिएलने मान खाली घातली. त्याला वाटलं, या बाईने त्याच्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

दुपारच्या सुमाराला ते म्हाताऱ्यांच्या उतारावर पोचले. मिरेयाने गुरूंचं जुनं छायाचित्र काढून समोर धरलं. तोच तिरपा सुळका, तीच लाल शीर असलेली शिळा. छायाचित्रात शिळेखाली पांढऱ्या माथ्यांची दाटी होती. आता तिथे खड्डे होते. मुठीएवढे गोल खड्डे, ओळीने, काढलेल्या दातांच्या जागेसारखे. इतक्या वर्षांत ते बुजलेही नव्हते. त्या मुलखात काहीच लवकर बुजत नाही.

मिरेया खाली बसली. एका खड्ड्यात तिने बोटं घातली.

"चोरून नेलेत," ती म्हणाली. "परदेशात शौकिनांना विकतात. पण ही जागा त्यांना सापडली कशी? गुरुजींनी कुठेही नीट पत्ता लिहिला नव्हता. कुणीतरी वाट दाखवली असणार."

एर्मिंदा म्हणाली, "इथली वाट दाखवणार कोण? भावजींशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

तिने ते सहज म्हटलं होतं. तिच्या मनात काही नव्हतं.

"रानात कोण कधी येतं, कोण सांगणार," ओसिएल म्हणाला. आणि ते बोलत असतानाच त्याला चांगल्या बुटांचा तो गोरा माणूस दिसत होता. संग्रहालयासाठी चार नमुने हवेत, म्हणाला होता. चाराचे चाळीस झाले, मग पोती झाली. खेचर ओसिएलचं होतं. पहार ओसिएलची होती, आणि हातही. त्याच्या बदल्यात त्या माणसाने भावाच्या होडीला नवं इंजीन घेऊन दिलं. थोरल्या भावाला, एर्मिंदाच्या नवऱ्याला नोल्बेर्तोला, ओसिएलने सांगितलं की खाणीत दोन पाळ्या करून घेतलं. नोल्बेर्तो वस्तीभर सांगत सुटला, भाऊ असावा तर असा. मरेपर्यंत सांगत होता.

धुकं आलं ते एकदम आलं. समोरचा सुळका गेला, मग शिळा गेली. मिरेया उताराच्या कडेला पोचली होती. कपारीत एखादी तरी वाचली असेल, या आशेने ती वाकून पाहत होती.

"बाई, मागे या," ओसिएल म्हणाला. "कडा भुसभुशीत आहे."

"एकच मिनिट, काका."

खडा निसटला. मग दगड. मग नुसता घसरण्याचा आवाज, आणि एक किंकाळी!

ओसिएलने दोर शिळेला आवळला. दुसरं टोक कमरेला. एर्मिंदाने पाय रोवले. तो कड्यावरून उतरला तेव्हा खाली पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच नव्हतं. हाताखालचा खडक चुऱ्यासारखा सुटत होता. एक पाऊल. दुसरं. दगड कानाजवळून गेला. आणि मग खालून कण्हणं ऐकू आलं.

मिरेया चार हात रुंदीच्या एका पट्टीवर पडली होती. घोटा सुजून टम्म झाला होता आणि दोन्ही तळव्यांत काळे काटे रुतले होते. ज्या निवडुंगाला तिने मिठी मारली होती त्यानेच तिला पुढच्या दरीत जाऊ दिलं नव्हतं.

ओसिएलने वर पाहिलं. दोर धारेवर घासला होता, एक पीळ तुटून लोंबत होता. तो दोघांचा भार घेणार नव्हता. वरून दगडांची बारीक सर सुरूच होती. धुकं उद्यापर्यंत हटलं नसतं आणि पाणी उरलं होतं अर्धी बाटली.

एक वाट होती. ही पट्टी डावीकडे जाऊन एका खोलगट जागेत शिरत होती, आणि तिथून सोपा उतार खाली घळीत जात होता. ओसिएलला ती ठाऊक होती. त्या वाटेवर काय आहे, तेही ठाऊक होतं. तिथून तिला नेलं तर ती विचारणार होती. दगड पडत होते, बाई कण्हत होती, आणि तो काय बोलावं याचा विचार करत उभा होता. तसा तो फार वेळ उभा राहिला नाही, पाच-सहा श्वासांपुरताच. पण पुढे आयुष्यभर त्याला पोत्यांपेक्षा त्या पाच-सहा श्वासांचीच जास्त लाज वाटली.

"वहिनी," त्याने वर हाक दिली, "दोर सोडा. घळीने उतरा आणि वाकड्या कोपाओपाशी थांबा. आम्ही तिथे निघतो."

"तिथे कुठून निघणार?"

"वाट आहे."

एर्मिंदाने शिळेची गाठ सोडली. मग दोर खाली पडला.

त्याने मिरेयाला पाठुंगळी घेतलं, दोराने बांधलं आणि भिंतीला गाल लावून आडवा सरकत निघाला. पट्टी दोन हातांची झाली. मग एका हाताची. एका जागी पाय ठेवायला काहीच नव्हतं. त्याने चाचपडून कपारीत बोटं खुपसली, शरीर फेकलं आणि पलीकडे गुडघ्यांवर आदळला. दोघं पार झाले!

खोलगट जागेत धुकं विरळ होतं. मिरेयाने मान वर केली आणि ती दुखणं विसरली. दगडांच्या फटींत, एकमेकींना खेटून, म्हाताऱ्या बसल्या होत्या. पन्नास तरी असतील. पांढऱ्या लोकरीवर धुक्याचे थेंब चमकत होते आणि काहींच्या माथ्यावर पिकलेली बोंडं फुटायला आली होती.

ती एकेकीवरून नजर फिरवत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"आणि तिकडचे खड्डे?"

"माझे."

त्याने सगळं सांगितलं. तो माणूस, खेचर, चार पोती. "ही जागा मी त्याला दाखवली नाही. इतकी वर्षं मनाला सांगत आलो की निदान ह्या मी वाचवल्या. ते खोटं आहे बाई. पोती भरली होती आणि माझी पाठ दुखत होती. एवढंच."

मिरेया तळव्यातले काटे दातांनी उपटत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काट्यांचं की कशाचं, त्याला कळलं नाही.

"चार वर्षांपूर्वी मी एका टेकडीवर लेख लिहिला," ती अखेर म्हणाली. "नकाशासकट. दोन वर्षांनी गेले तर टेकडी रिकामी. माझं लिखाण वाचूनच ते आले होते. पण माझ्या चुकीने तुमची हलकी होत नाही, काका. हे सांगून ठेवते."

"नाही होत."

तिने तीन बोंडं तोडली. तिळापेक्षा बारीक, काळं, चकचकीत बी कागदाच्या पुडीत मावलं. ओसिएल म्हणाला, "सगळं घ्या ना. तिकडे लावा, वाढवा." ती म्हणाली, "बाकीचं मुंग्यांचं आहे. त्या पेरतात." मग तिने वही उघडली, आजचं पान फाडलं, आणि जागेचा पत्ता लिहिलेले तुकडे कड्यावरून सोडून दिले. "बी मिळालं, एवढंच लिहीन. कुठे, ते नाही."

वाकड्या कोपाओखाली एर्मिंदा बसली होती. तिला सांगणं जास्त अवघड गेलं. इंजिनाचं नाव निघाल्यावर तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं, न कळताच गेला बिचारा." ती उठली आणि मिरेयाचा दुसरा दंड धरून उतरू लागली. होडीत बसल्यावर ती इंजिनाकडे बघत राहिली. वल्ही हाताशी होती. पण जखमी बाई होती, लाटा वाढल्या होत्या, आणि रुसव्याला होडीत जागा नव्हती. तिने इंजिनाची दोरी ओढली.

पाच आठवड्यांनी राजधानीहून मिरेयाचा निरोप आला. एका परदेशी बंदरात पकडलेले चोरीचे निवडुंग सरकारने परत आणले होते. शेकडो रोपं काचघरात पडून होती. कुंड्यांत वाढून पांढऱ्या लोकरीच्या जाती एकसारख्या दिसू लागल्या होत्या, कुठली कुठून उपटली ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ओसिएल निघाला. एर्मिंदाही आली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. बसमध्ये ती त्याच्या दोन बाकं पुढे बसली.

काचघरात मांडणीमागून मांडणी होती. प्रत्येक रोपाला क्रमांक, आणि मूळ ठिकाणापुढे रेघ. ओसिएल एकेका पांढऱ्या माथ्याच्या रोपापाशी वाकून पाहत गेला. एका रोपाच्या कुशीत जुना तिरपा घाव होता, भरून आलेला, लाकडासारखा कडक.

"ही ला सोर्दाची म्हातारी," तो म्हणाला. "पहार इथे निसटली होती."

कारकुनाने लेखणी थांबवली. "कुणाची पहार?"

"माझी."

कारकून मिरेयाकडे बघू लागला. मिरेया कुबडीवर रेलून म्हणाली, "काका, हे कागदावर आलं की खटला होऊ शकतो. आधी एखाद्या वकिलाला विचारा."

"लिहा," ओसिएल म्हणाला. "उपटणाऱ्याचं नाव, ओसिएल आल्मेंदारेस किस्पे. आईचं आडनावही लिहा, किनाऱ्यावर त्यावरूनच मला ओळखतात."

कारकुनाने लिहिलं. ओसिएलने पुढच्या रोपावरचा क्रमांक वाचायचा प्रयत्न केला. अक्षर बारीक होतं. त्याने डोळे चोळले, पुन्हा वाकला. जमेना.

एर्मिंदा मागून आली. तिने त्याला कोपराने थोडं बाजूला सारलं आणि चिठ्ठी उजेडाकडे वळवली.

"तीनशे बारा," ती म्हणाली. "बघा नीट, भावजी. ही तुमची का?"