कावळटेकच्या गुहेतला टॉर्च

कोल्हापूरच्या बॅटरी-संशोधन प्रयोगशाळेत त्या सकाळी ऋजुता नाईकवडीच्या टेबलावर एक जुना टॉर्च आला. दोन लिथियम सेलचा, जाड पितळी नळीचा, एका बाजूनं काळवंडलेला. तो मनवानं आणला होता, दिगंबर आवट्यांच्या मुलीनं. दिगूदादा दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटात हा टॉर्च सेलसकट सापडला. असे सेल कचऱ्यात टाकायला भीती वाटली, म्हणून ती थेट इथे आली होती.

टॉर्च हातात घेताच ऋजुताला मंडळाचे ते दिवस आठवले. दिगूदादा गुहा धुंडाळणाऱ्या मंडळाचे म्होरके. सेल कसा निवडावा, हे तिला त्यांनीच शिकवलं. वेष्टनावर नऊ हजार मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला सेल दिसला की ते तो तळहातावर तोलायचे, हसायचे आणि दुकानदाराला परत करायचे. एवढ्याशा नळीत साडेतीन हजारांच्या वर काही मावत नाही, म्हणायचे. फाटक्या वेष्टनाचा सेल वापरायचा नाही, सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम जोडीचा. दोन सेल एकत्र घ्यायचे, एकत्र चार्ज करायचे, एकत्रच बाद करायचे. जोड्या ओळखू याव्यात म्हणून ते बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके देत. मंडळाच्या खोलीला कायम त्याचा वास असे.

आणि नेमका तोच नियम त्यांनी मोडला होता, असं सगळे धरून चालले होते. २०३३ साली कावळटेकच्या गुहेत ते आणि चोवीस वर्षांची ऋजुता दोन किलोमीटर आत गेले असताना त्यांचा पाय मोडला. त्यांनी तिला एकटीला मदत आणायला पाठवलं. ती माणसं घेऊन परतली, तेव्हा त्यांच्या हातातल्या याच टॉर्चमधला सेल फुटलेला आणि त्यांचा तळवा भाजलेला होता. जुना आणि नवा सेल एकत्र घातल्याचं उघड झालं. माझीच चूक, एवढंच ते म्हणाले. मंडळानं त्यांचं म्होरकेपण काढून घेतलं. त्यानंतर ते कुठल्याच गुहेत गेले नाहीत. ऋजुता मात्र याच विषयात मोठी झाली आणि दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला सांगत आली की, जाणता माणूससुद्धा कसा चुकतो.

तिचे सहकारी हमीद मुजावर यांनी स्तरवाचनासाठी दोन्ही सेल मागून घेतले. मनवाला ते काय असतं हे कळेना, तेव्हा त्यांनी समजावलं. सेलमधून वीज जाते-येते तेव्हा आतल्या पत्र्यावर एक अतिसूक्ष्म थर साचतो. वीज किती ओढली, किती वेळ, मध्ये विसावा किती, त्यावर थराची जाडी ठरते. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात, तशी सेलच्या पोटात प्रत्येक वापराची खूण राहते. फुटलेल्या सेलचा आतला भाग शाबूत असेल, तर तोही वाचता येतो.

दुपारी हमीद आलेख घेऊन आले. तो त्यांनी ऋजुतासमोर पसरला.

“मॅडम, हे सेल या टॉर्चमधले नाहीत,” ते म्हणाले. “म्हणजे, शेवटी होते. पण त्या दिवशीचे पहिले दोन तास दुसऱ्याच टॉर्चनं वीज ओढलीय. प्रत्येक टॉर्चची ओढ वेगळी असते. मग चार मिनिटांचा खंड आहे. त्यानंतर हा टॉर्च.”

ऋजुतानं आलेख जवळ ओढला. पहिल्या दोन तासांची ती ओढ तिच्या ओळखीची होती. तो तिचा स्वतःचा टॉर्च होता.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. जायच्या आदल्या दिवशी दादांनी सेलची तयारी प्रथमच तिच्यावर सोपवली होती. एका सेलवरचा ठिपका खरवडला गेला होता आणि खणातल्या दोन सारख्या सेलांपैकी एक तिनं अंदाजानं उचलला होता. गुहेत पाय मोडून पडलेल्या दादांनी तिचा टॉर्च मागून घेतला, तो नेहमीपेक्षा गरम लागतोय म्हणाले. दोन्ही टॉर्च मांडीवर उघडून त्यांनी सेल पुसले. ते धूळ झटकताहेत असं आपल्याला वाटलं होतं, ती हमीदना म्हणाली; खरं तर ते सेलची अदलाबदल करत होते. कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याच्यातून उलटी वीज ढकलतो आणि तो तापून फुटतो. हे दादांना हाताला लागलेल्या उबेवरून कळलं होतं. चांगली जोडी त्यांनी तिला दिली होती आणि तिची बेजोड जोडी स्वतःच्या टॉर्चमध्ये घातली होती.

“अहवालात चूक करणारी म्हणून माझं नाव घाला, हमीद,” ती म्हणाली. “मंडळालाही पाठवा.”

मनवा बाहेर बाकावर बसली होती. ऋजुतानं शेजारी बसून तिला काही न लपवता सगळं सांगितलं. मनवानं रागावण्याची ती वाट पाहत होती. पण मनवानं वेगळंच विचारलं.

“आत्या, बाबांना अंधारात किती वेळ बसावं लागलं?”

“नऊ तास. दर अर्ध्या तासाला एक मिनिट, अगदी मंद लावायचे. बेजोड सेल इतका थोडा थोडा वापरला तर तापत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.”

“घाबरले असतील.”

“नाही गं. थर बघितलेत मी. सगळी अंतरं सारखी आहेत. शांत बसले होते.”

“मग फुटला कसा?”

ऋजुताला तो क्षण आठवला. त्या दिवशी परत येताना ती एका दुफाट्यावर अडखळून उभी राहिली होती. बरोबरच्या माणसांना डावीकडे न्यायला ती वळली होती, आणि उजवीकडे लांबवर लख्ख उजेड पडला होता.

“शेवटी एकदाच त्यांनी पूर्ण प्रकाश केला,” ती म्हणाली. “माझा आवाज चुकीच्या दिशेला जाताना ऐकू आला, तेव्हा.”