सातपुड्यात वरून आलेली हाक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण मोहिनीताई माझी मावसबहीण आहे, आणि तिला तिखटमीठ लावून बोलायची सवय नाही. हे तिनेच मला सांगितलं.

मागच्या वर्षीचा डिसेंबर. जागा, शिरपूरच्या वर सातपुड्याचं जंगल.

ताईच्या नवऱ्याला, योगराजला, डोंगरांचं वेड. त्या हिवाळ्यात आसपासचे सगळ्यात उंच डोंगर चढायचं त्याने ठरवलं होतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ताई हौसेने बरोबर गेली.

पायथ्याशी भागाबाई नावाच्या म्हातारीचं शेतातलं घर होतं. तिच्या अंगणात मोटरसायकल लावून दोघं निघाले.

चढण सागाच्या जंगलातून. पायाखाली वाळलेल्या पानांचा थर. पाऊल टाकलं की कर्रर्र वाजायचं. ससा पळाला तरी कळावं, असं.

दुपारी दोघं माथ्यावर पोचले. भाकरी-ठेचा खायला बसले. योगराजचं आधी आटोपलं. तो कड्याजवळ गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला,

"मोहिनीऽऽ!"

समोरच्या डोंगरावरून हाक परत आली. आणि तिच्यामागोमाग...

"ओऽऽ!"

योगराज हसत वळला. "काय जोरात ओ दिलीस गं!"

ताईच्या तोंडात घास होता.

तिने ओ दिलीच नव्हती.

तिने तसं सांगितलं. तो म्हणाला, "चेष्टा पुरे." विषय तिथेच मिटला.

उन्हं कलायला लागली तसे ते उतरू लागले. योगराज पुढे, ताई त्याच्या मागे.

अर्ध्या वाटेवर ताईला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी कळेना. मग लक्षात आलं...

पाखरं गप्प होती. किड्यांची किरकिरसुद्धा नाही.

आणि तिच्या पायाखालची पानं वाजत नव्हती.

तिने मुद्दाम पाय आपटला. पानांचा चुरा झाला. आवाज नाही.

आवाज आला तो मागून. वर, झाडांत. कर्रर्र...

ती थांबली. मागचा आवाजही थांबला.

तिने एक पाऊल टाकलं. वर पान वाजलं.

नवऱ्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि हाक वरून आली.

"अहो... थांबा ना!"

तिचाच आवाज. तिचाच हेल.

योगराज गर्रकन वळला. त्याने वर पाहिलं. मग समोर उभ्या ताईकडे पाहिलं. पुन्हा वर.

"अहो, पाय मुरगळला माझा. या ना..."

"मी इथे आहे," ताई म्हणाली. म्हणजे, ओठ हलले. घशातून श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

"मोहिनी, बोल ना," योगराज म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काहीतरी बोल."

ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या.

काहीच नाही.

वरचा आवाज रडायला लागला.

"तिच्याबरोबर जाऊ नका हो... ती मी नाहीये..."

योगराज ताईपासून एक पाऊल मागे सरकला.

ताई सांगते, तेव्हा तिला वरच्या त्या आवाजापेक्षा नवऱ्याच्या डोळ्यांची जास्त भीती वाटली. तो तिच्याकडे परक्या बाईसारखा बघत होता. तिला बगल देऊन तो वर निघालाच...

तिने झडप घालून त्याचं मनगट धरलं. त्याने हिसका दिला. तिने सोडलं नाही. दोघं घसरले, काट्यांतून ओरबाडत खाली गेले, आणि ती त्याला ओढतच राहिली. मागून आवाज येतच होता. आधी रडत. मग चिडून. मग... नुसता हसत.

जंगल संपलं. कपाशीचं शेत लागलं. पायाखालचं ढेकूळ फुटलं, आणि ते फुटल्याचं ताईला ऐकू आलं.

"अहो," ती म्हणाली.

आवाज आला होता. योगराज मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

अंगणात भागाबाई उभी होती. ताईला बघून तिच्या हातातली बादली तशीच राहिली.

"पोरी, तू आते कोठून उनी?"

"डोंगरावरून, आजी. आत्ताच उतरलो."

"तू त मघाशीच उनी व्हती. एकलीच. पानी मांगं, मंग परत वर गयी."

"आजी, दुसरी कुणीतरी असेल."

"हाईच ओढणी व्हती," भागाबाई ताईच्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाली आणि घरात गेली. दोघं निघेपर्यंत तिने दार उघडलं नाही.

योगराजने मोटरसायकल काढली. धुळ्याला घरी पोचेपर्यंत तो आरशात सारखं बघत होता, मागे बसलेल्या ताईकडे.

आता सगळं ठीक आहे म्हणतात. डोंगर बंद झाले. पण जेवताना, टीव्ही बघताना तो मध्येच काहीतरी विचारतो. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो? तुझ्या आजीचं नाव काय? ताई सांगते. तो मान हलवतो आणि जेवायला लागतो.

"तो विचारतो त्याचं वाईट नाही वाटत गं," ताई मला म्हणाली. "पण हल्ली..."

तिने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"हल्ली मला उत्तरं पटकन आठवत नाहीत."