सगळी जनुकं हजर

काचपट्टीवर चारशे बारा पेशी होत्या. तपासायची जनुकं एकोणीस हजार आठशे सेहेचाळीस. सापडली एकोणीस हजार आठशे सेहेचाळीस. गहाळ, शून्य. टिपण नावाच्या यंत्रमानवाने हिरवा दिवा लावला आणि कागद पुढे केला : ‘अन्ननलिकेत दोष नाही.’

“दोष नाही?” अकरा वर्षांची ईश्वरी उसळली. “मग घास उतरताना आत्याला जळतं का? दोन महिने ती भाकरी आमटीत कालवून खातेय!”

“ईशे, हळू. रडायला लागेल ते मशीन,” वैजूआत्या म्हणाली.

साल २०४१. हिवरगावच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत. काल त्यांनी दुर्बिणीने आत्याच्या अन्ननलिकेच्या अस्तराचा कणभर तुकडा काढला होता. तपासणी टिपणची.

“सगळी जनुकं (पेशीने काय बनवायचं ते सांगणाऱ्या सूचना) जागेवर आहेत,” टिपण म्हणाला.

“आमच्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत. बाई असल्या तरी बेचाळीस, नसल्या तरी बेचाळीस. पण नसल्या की निम्मी बाकांवर चढतात! नुसत्या हजेरीवरून हे कळेल तुला?”

टिपणने हिरवा दिवा विझवला. “नाही. त्यासाठी जनुकसक्रियता (कोणतं जनुक किती काम करतंय त्याचं माप) पाहावी लागते. काम करणारं जनुक आपल्या सूचनेच्या प्रती काढतं. त्या प्रती म्हणजे आरएनए. त्या मोजल्या की कोण गप्प आणि कोण ओरडतंय, ते समजतं.”

“मग मोजल्या का नाहीस?”

“ती चाचणी तंबाखूवाल्यांसाठी आहे. प्रश्न होता, तंबाखू खाता का? उत्तर, नाही.”

“देवाशप्पथ, नाही खात मी,” आत्या म्हणाली.

ईश्वरीने आत्याच्या पिशवीतून डबी काढली. आत काळी पूड होती. “आणि रोज सकाळी ही मशेरी लावतेस ती?”

“अगं, ती दात घासायची. ती कोणी खातं का?”

“भाजलेला तंबाखू आहे हा! थुंकीबरोबर थोडा पोटात जातोच.” मग ती टिपणकडे वळली. “आणि तू! गावातल्या निम्म्या बायका मशेरी लावतात, आणि तुझ्या यादीत तो शब्दच नाही? प्रश्न लिहिणाऱ्यांनी एका तरी बाईला विचारलं होतं का?”

“तशी नोंद नाही,” टिपण म्हणाला.

“मग कर नोंद! आणि मोज!”

टिपणने प्रती मोजल्या. निरोगी अस्तरातलं प्रमाण शंभर धरलं. मजबूत अस्तर घडवणारं जनुक एकतीस. पेशींची संख्या वाढवणारं दोनशे साठ.

“म्हणजे कामाची मुलं गप्प झाली आणि दंगेखोर ओरडू लागली,” ईश्वरी म्हणाली.

“हो. कर्करोग एका दिवसात होत नाही. आधी पेशी आपलं काम विसरत जातात, मग नको तेवढ्या वाढतात. वाटेत काही जनुकांच्या सूचनांतली अक्षरंही बिघडतात. शेवटी शेजारच्या ऊतीत (पेशींच्या थरात) घुसायला मदत करणारी जनुकं जागी होतात.” टिपणने तिसरा आकडा दाखवला : एकशे दोन. “ती अजून शांत आहेत. हा कर्करोग नाही. त्याच्या आधीची पायरी आहे. जळजळ सुजेमुळे आहे.”

आत्याने ईश्वरीच्या हातून डबी घेतली. “माझ्या आईनेही हीच लावली जन्मभर,” ती म्हणाली, “आणि कोणी काही बोललं नाही.” तिने डबी कचऱ्याच्या पेटीत टाकली.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी बिघडलेला भाग दुर्बिणीनेच काढला. टिपणच्या यादीत सातवा प्रश्न आला : ‘मशेरी लावता का?’ पहिल्या महिन्यात ‘हो’ म्हणणाऱ्या बायका दोनशे अठरा. त्या सगळ्यांची सक्रियता-चाचणी झाली.

सहा महिन्यांनी आत्याची फेरतपासणी झाली. अस्तर घडवणारं जनुक : सत्त्याण्णव. पेशी वाढवणारं : एकशे चार.