न दमणारी हाक

सासूबाईंनी सांधलेलं जाळं धक्क्यावरच्या खोलीत नेऊन टाकायचं, एवढंच काम होतं. जेवणं उरकली होती, ऊन छान पडलं होतं, आणि सासू-सून जाळ्याचं एकेक टोक खांद्यावर घेऊन उतारावरून रमतगमत निघाल्या होत्या. नवरा पहाटेच एकटा होडी घेऊन गेला होता. त्याची परतायची वेळ झालीच होती.

सुनेच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. ती डोंगरातल्या दरीत वाढलेली. समुद्र तिला नवा होता, धुकं मात्र चांगलं ओळखीचं. तिच्या माहेरी वारा पडलेल्या, निरभ्र रात्री जमीन गार गार होत जायची, जमिनीलगतची हवा गारठायची आणि सकाळी दरीत काठोकाठ धुकं साचलेलं असायचं. म्हाताऱ्या माणसासारखं ते एका जागी बसून राहायचं आणि उन्हं अंगावर आली की मुकाट उठून जायचं. त्याला काय भ्यायचं?

नवऱ्याला ती असं म्हणाली, तेव्हा तो हसला होता.

"तुमचं धुकं बसल्या जागी होतं," तो म्हणाला होता. "आमचं प्रवास करत येतं. लांबून उबदार, ओला वारा निघतो. इथल्या गार पाण्यावरून येता येता त्याचं अंग गारठतं आणि त्याचंच धुकं होतं. उन्हाबिन्हाशी त्याला काही देणंघेणं नाही. वारा आहे तोवर येतच राहतं."

"आणि थंडीत पाण्यातून वाफा निघतात, ते?"

"ते उलटं. तेव्हा हवा गार असते आणि पाणी तिच्यापेक्षा ऊन. सगळा समुद्र आधण ठेवल्यासारखा वाफाळतो. कधी कधी कमरेपर्यंतच असतं ते. लांबच्या होडीतली माणसं नुसती वरच्या अर्ध्या अंगाने तरंगत असल्यासारखी दिसतात. पण ते बरं. वाऱ्यावर येतं ते वाईट... त्यात आवाज कुठून येतोय तेच कळत नाही."

त्या दुपारी दोघी खोलीचं दार लावून वळल्या आणि सासूबाई थबकल्या. वारा फिरला होता. गालाला उबदार लागत होता, आणि त्याला भिजलेल्या दोरखंडासारखा वास होता. समोर समुद्राची रेघ पुसली गेली. मग दूरचे खडक गेले. मग धक्क्याचं टोक. मागे घरांच्या कौलांवर अजून ऊन होतं, आणि पायांशी, काहीही आवाज न करता, पांढरं येऊन उभं राहिलं.

हळूहळू चार-पाच बायका धक्क्यावर जमल्या. बंदराचा भोंगा वाजू लागला होता, पण भोंगा खडक सांगतो, घर सांगत नाही. त्यासाठी हाका मारायच्या असतात.

"अहो..." तिने हाक मारली.

"अगं, समुद्रात आहे तो प्रत्येक जण कुणाचा तरी अहो आहे," सासूबाई म्हणाल्या. "सगळे म्हणतात तेच म्हण. बगळ्या म्हण."

लांब टांगांमुळे अख्खं बंदर त्याला बगळ्या म्हणायचं. ती कधी म्हणाली नव्हती. तिने डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून ओरडली. "बगळ्या..."

बऱ्याच वेळाने समोरून, खोलवरून आल्यासारखी, ओ आली. त्याचीच. तिला रडूच फुटणार होतं, पण तेवढ्यात डावीकडून कुणीतरी हाक मारली.

"बगळ्या..."

आवाज तिचा होता. डावीकडे खडक होते, नुसते खडक.

"आई, माझाच आवाज परत येतोय का?"

सासूबाई डावीकडे कान देऊन उभ्या राहिल्या. तिने पुन्हा हाक मारायला श्वास घेतला. तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आत तो डावीकडून ऐकू आला. तिच्याच गोडव्याने. थोडा जास्तच गोड.

ती गप्प झाली. सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांबू नकोस," त्या हलकेच म्हणाल्या. "काही विचारू नकोस... नुसती ओरडत राहा."

ती ओरडत राहिली. इतर होड्या एकेक करून आल्या, बायका आपापल्या माणसांना घेऊन गेल्या. ती ओरडतच होती. घसा खरवडला, आवाज फाटला, शेवटी त्याची नुसती घरघर उरली. डावीकडची हाक मात्र पहिल्यासारखीच होती, स्वच्छ, निवांत. आणि मग धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं, अगदी त्या दोघींच्या समोर.

तो होडी बांधून धक्क्यावर उतरला.

"दोघी होतात," तो म्हणाला. "खडकांकडच्या हाकेकडे वळलोच होतो. मग वाटलं, माणूस इतका वेळ ओरडला तर दमेल की. म्हणून फाटक्या आवाजाकडे आलो."

संध्याकाळ झाली तरी धुकं हललं नाही. दिवा लावला, तर खिडकीबाहेर त्याचा उजेडही हातभर जाऊन थांबला. तिच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. "चला, घरात जरा शांतता," असं नवरा चेष्टेने म्हणाला. जेवून तो भिंतीला टेकला, आणि त्याचा डोळा लागतो न लागतो तोच उताराखालून हाक आली.

"अहो..."

तिचा आवाज. सकाळी होता तसा, धडधाकट.

"आलो," तो म्हणाला आणि उठून दाराकडे चालू लागला. तिने धावत जाऊन त्याचा दंड धरला. ओरडायला तोंड उघडलं, त्यातून नुसती हवा आली. त्याने वळून पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं, अदबीने.

"बाई, जरा हात सोडता का? घरून हाक आलीय."

सासूबाईंनी दाराला कडी घातली आणि त्या दाराला पाठ लावून बसल्या. दोघींनी त्याला धरून ठेवलं. पुढे कधीतरी वारा फिरला, धुकं ओढल्यासारखं मागे गेलं. मग तो भानावर आला, आणि दोघी अशा का बसल्या आहेत ते विचारू लागला. त्याला काहीच आठवत नव्हतं.

तिचा आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी घसा पाहिला, त्यात काही दोष नव्हता. ती खुणेने बोलायला शिकली, घर चालतं झालं.

पुढच्या हंगामात एकदा धक्क्यावर शेजारच्या होडीवाल्याने मायेने विचारलं, "वहिनींचा आवाज आला का रे परत?"

"कधीच आला," नवरा जाळं झटकत म्हणाला. "धुकं पडलं की तासन् तास बोलतो आम्ही."

ती त्याच्या मागेच टोपली घेऊन उभी होती.